न पाठवलेला स्वर

म्हातारबुवांनी बटण दाबलं तेव्हा मी काहीच पाठवलं नव्हतं. काचेपलीकडच्या बंद खोलीत ते हेडफोन लावून ताठ बसले होते, डोळे मिटलेले, आणि माझ्या समोरच्या यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. ऐकू आलं, असं ते सांगत होते. माझे दोन्ही हात मांडीवर होते. असं होतं, रोज होतं. त्या खोलीत बाहेरचा एकही आवाज जात नाही आणि तशी शांतता माणसाला सोसत नाही. मग स्वतःच्या रक्ताची धडधड, कानातली जुनी कुणकुण, मघाशी ऐकलेल्या स्वराची आठवण, यांतलंच काहीतरी त्याला स्वर वाटतं आणि अंगठा खाली जातो. कान तपासायच्या आमच्या कामात याचं फार मनावर घेत नाहीत. थोडं थांबायचं, दोन स्वरांमधलं अंतर बदलायचं, पुन्हा पाठवायचं. पण म्हातारबुवा बटण दाबून हसले. लांबून कुणी नावाने हाक मारली आणि आपण ओ देताना चेहरा उजळतो, तसे. मला पुढचा स्वर पाठवायला हात उचलवेना.

आई अशीच हसली होती, त्याच खुर्चीवर. मागच्या वर्षी दादाने तिला माझ्याकडे पाठवलं, कारण टीव्हीचा आवाज इतका वाढला होता की शेजाऱ्यांना वेगळा टीव्ही लावायची गरज उरली नव्हती. आई यायला तयार नव्हती. 'मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता,' असं तिचं म्हणणं. शेवटी आली ती माझं काम बघायला म्हणून. खोलीत शिरताना भिंतीवरचं मऊ अस्तर तिने बोटाने दाबून बघितलं, खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घेतली आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिली. मी स्वर पाठवायला लागले. आईने प्रत्येक स्वराला बटण दाबलं. मी आवाज कमी केला, तिने दाबलं. आणखी कमी केला, तरी दाबलं. माझ्याच कानाला जो स्वर मुश्किलीने लागतो, तोही तिला लागत होता, आणि दर वेळी ते हसू. मला आधी बरं वाटलं आणि मग संशय आला. मी स्वर पाठवलाच नाही, नुसती पाठवताना जशी खाली बघते तशी खाली बघून पुन्हा वर बघितलं. आईने बटण दाबलं. ती स्वर ऐकत नव्हती, माझा चेहरा वाचत होती.

मी आत गेले आणि तिची खुर्ची भिंतीकडे फिरवली. 'शिक्षा का गं?' तिने विचारलं. 'हो. अंगठे धरून उभी केली नाही हे नशीब समज.' ती हसत भिंतीकडे तोंड करून बसली. मग मी बाहेर येऊन स्वर पाठवला, वाढवला, आणखी वाढवला. काचेतून आता मला तिची पाठ दिसत होती, मानेवरचे मऊ पांढरे केस, आणि खुर्चीच्या हातावर बटण धरलेला हात. अंगठा बटणावर टेकलेला, शहाण्या मुलीसारखा तयार. तो हलत नव्हता. ज्या आवाजाला मी स्वतः हेडफोन काढून फेकले असते, तिथे कुठे तो पहिल्यांदा खाली गेला. म्हणजे कित्येक वर्षं तिला जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. दर रविवारी पहिल्या बाकावर बसून ती प्रवचन ऐकत नव्हती, बघत होती. गीतं पाठ होती म्हणून म्हणत होती. पाळकांचे ओठ थांबले की 'आमेन' म्हणत होती, आणि तिचं आमेन कधी चुकलं नाही. मी तिच्या पाठीकडे बघत बसले. इतकं प्रामाणिकपणे गप्प बसलेलं तिला मी कधी बघितलं नव्हतं.

'तुझ्या चेहऱ्यावरून कळतं' हे तिचं जुनं हत्यार होतं. साखरेचा डबा उघडलेला चेहऱ्यावरून कळायचा, परीक्षेचे मार्क कळायचे, एका मुलाचं प्रकरण तर मला स्वतःला कळायच्या आधी तिला कळलं होतं. बहुतेक वेळा ती बरोबर असायची, त्यातच सगळा घोळ झाला. मी कॉलेजात जायच्या सुमाराला एकदा स्वयंपाकघरात ताटं पुसता पुसता तिला म्हणाले, की आई, मला नाही वाटत वर कुणी देव आहे. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. तिने माझ्या हातातलं ताट घेतलं, कोपरा ओला राहिला होता तो पुसला आणि शांतपणे म्हणाली, 'आहे हे तुला माहीत आहे. तू ते झाकून ठेवतेस.' मी म्हटलं, नाही गं, खरंच नाही. 'चेहऱ्यावरून कळतं,' ती म्हणाली. हे तिचं एकटीचं मत नव्हतं. शास्त्रात, म्हणजे बायबलात, तसं लिहिलेलं होतं, आणि ती रविवारच्या शाळेत लहान मुलांना तेच शास्त्र शिकवत आली होती. सृष्टीकडे बघितलं की प्रत्येकाला आतून कळतंच, ज्याला पटत नाही तो कळलेलं नाकारतो. म्हणजे माझ्या 'नाही'ला 'नाही' म्हणून घरात जागाच नव्हती. ते लपवलेलं 'हो' होतं. त्यानंतर मी जितकं ठासून सांगितलं तितकं ते लपवणं सिद्ध होत गेलं, आणि गप्प बसले तर काय, कबुलीच.

तिच्या वर्गात मीही बसलेली होते. कापडाच्या फळ्यावर ती कापडाचीच चित्रं चिकटवायची. पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बी पेरणाऱ्याची गोष्ट, तिची आवडती. एक तपकिरी पट्टी म्हणजे वाट, राखाडी तुकडे म्हणजे खडक, काटेरी झुडपं, आणि शेवटी काळीभोर चांगली जमीन. बी सगळीकडे तेच, फरक जमिनीचा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनाचा. मी हात वर करून विचारलं होतं, 'पेरणाऱ्याला वाट दिसत नव्हती का? वाटेवर कशाला पेरलं त्याने?' मुलं हसली. आईही हसली, इतकी की तिच्या हातातलं झुडूप खाली पडलं. घरी आल्यावर तिने ते दादाला आणि पप्पांना दोनदा सांगितलं, कौतुकाने. ती हसली होती हे मला पुढे फार वर्षं पुरलं.

नंतर मी पुष्कळ वाचलं. जे नाकारते असं आई म्हणत होती ते आत कुठे सापडतं का, हे शोधायला आधी वाचलं आणि न सापडल्यावर का सापडत नाही हे बघायला वाचलं. शास्त्र स्वतः याबद्दल काय म्हणतं तेही नीट, पेन्सिल हातात घेऊन. आणि मला नवल वाटलं ते त्यातल्या कारणांचं. एके ठिकाणी म्हटलंय माणसाला माहीत असतं, तो मुद्दाम नाकारतो. दुसरीकडे म्हटलंय त्याला दिसूच शकत नाही, या जगावर सत्ता चालवणाऱ्या सैतानाने त्याच्या मनावर पडदा टाकलाय. तिसरीकडे देवच एका राजाचं मन कठीण करतो आणि मग ते कठीण म्हणून त्याला शिक्षा करतो. कुठे तो मुळात या कळपातलं मेंढरूच नसतं, कुठे जमीन वाईट असते, आणि कुठे नुसतं मूर्ख म्हणून मोकळे होतात. यांतलं एक खरं धरावं तर दुसरं पडतं. ज्याला दिसतच नाही तो दिसलेलं नाकारणार कसा? शाळेत उशिरा जाऊन मी एकदा पाच कारणं सांगितली होती, तेव्हा आईच म्हणाली होती, 'पाच कारणं देणाऱ्याचं एकही खरं नसतं.' हे मी तिला कधी ऐकवलं नाही. वाद जिंकण्यासाठी मी ते वाचलंच नव्हतं. मला फक्त एक जागा हवी होती, कुठेतरी एका ओळीत लिहिलेलं, की असाही माणूस असतो जो कान देऊन बसला आणि त्याला काही ऐकू आलं नाही. एवढ्या जाड पुस्तकात माझ्यासाठी ती ओळ नव्हती.

कारण मी बसले होते कान देऊन. आईला सांगितलं तेव्हा ते मध्येच तोडून ती म्हणाली, 'मनापासून बसली असतीस तर आलं असतं.' पण मी मनापासून बसले होते. पलंगाच्या कडेला गुडघे टेकून, पावलांना मुंग्या येईपर्यंत, दुपारी घरात कुणी नसताना. खिडकीतून ऊन सरकत गादीवर यायचं. मी काही मागत नव्हते, नुसतं म्हणत होते, असशील तर एकदा. आणि त्या वेळीही मला कळत होतं की इथे मला देवापेक्षा आई हवी आहे. पहिल्या बाकावर तिच्या शेजारी बसून तिचा हात धरून गाताना जे तिच्या चेहऱ्यावर यायचं, ते आमच्या दोघींच्या चेहऱ्यांवर एकदम यावं. एखादी कुणकुण जरी आली असती तरी मी बटण दाबलं असतं. मी या धंद्यात का आले असं कुणी विचारलं की दादा परस्पर उत्तर देतो, 'जगातल्या बहिऱ्यांना ऐकू आणते आणि स्वतःचे कान तेवढे बंद.' घरातला हा जुना विनोद आहे. आता आई नाही तरी तो आहे.

परवा पाळकसाहेब घरी आले होते. माझ्याहून वयाने लहान आहेत, मऊ बोलतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. उद्या आईच्या स्मरणाची उपासना, तिथे मुलीने साक्ष द्यावी, सगळ्यांसमोर आपला विश्वास सांगावा, असं त्यांचं म्हणणं. दादा आणि वहिनी दोन बाजूंना बसले होते, मी मध्ये, म्हणजे मला उठून जाता येणार नव्हतं. 'मी आईबद्दल बोलेन,' मी म्हटलं. 'साक्ष कशाची देऊ?' पाळकसाहेब म्हणाले, 'ताई, आईंची शेवटपर्यंत एकच इच्छा होती. तुम्हाला आतून माहीत आहे, एवढं तुम्ही म्हणावं.' मी विचारलं, 'आणि मला खरंच माहीत नसेल तर?' ते म्हणाले, 'तसं कुणीच नसतं. काहींच्या डोळ्यांवर पडदा असतो इतकंच.' मी म्हटलं, 'म्हणजे चूक माझी, नाहीतर पडदा टाकणाऱ्याची. पाठवणाऱ्याची कधीच नाही?' 'झालं हिचं सुरू,' दादा म्हणाला. मी पाळकसाहेबांना सांगितलं, 'मी रोज माणसं तपासते. बटण दाबलं तर ऐकू आलं, आणि नाही दाबलं तरी ऐकू आलंच, असं मी धरायला लागले तर मला ते यंत्र लागणारच नाही. त्या माणसाचीसुद्धा गरज नाही. घरी बसून आलेख काढता येईल.' पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. मग खरोखर वाईट वाटून म्हणाले, 'असेल तसं, ताई. पण आईंना भेटायचं नाही का तुम्हाला पुन्हा?' ते हे बोलले नसते तर बरं झालं असतं. वहिनीने माझ्या पाठीवर हात ठेवला. ते गेल्यावर दादा दाराशी उभा राहून म्हणाला, 'एक वाक्य आहे गं. तिच्यासाठी म्हण. खोटं तर खोटं.' त्याचे डोळे लाल होते. मी म्हटलं, 'दादा, तीस-चाळीस वर्षं ती मला म्हणत होती की तू खोटं बोलतेस. आणि आता ती गेल्यावर मी खरोखरच बोलू?'

तपासणीनंतर त्या दिवशी आई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आलेख तिच्या हातात होता, खाली उतरत गेलेली रेघ. ती माझ्या ओठांकडे बघत म्हणाली, 'मी दाबलं नाही की तू काय समजतेस?' 'तुला ऐकू आलं नाही असं.' 'आणि मी ऐकून न दाबता बसले असेन तर?' 'तसे लोक येतात. पण ते सापडतात, त्याची वेगळी तपासणी असते. सापडेपर्यंत मी खरं मानते.' 'सगळ्यांचं?' 'सगळ्यांचं. नाहीतर कामच होणार नाही.' ती 'हं' म्हणाली आणि आलेखाची घडी घालत राहिली, उघडत राहिली. जाताना म्हणाली, 'खुर्ची फिरवलीस ते बरं केलंस. मी तुझ्याकडेच बघत होते.'

मग श्रवणयंत्रं आली, दोन्ही कानांना. दर शनिवारी मी त्यांच्या बॅटऱ्या बदलायची. तिला ती आवडली असं म्हणता येणार नाही. 'पाळकसाहेबांपेक्षा पंखाच जास्त बोलतो,' म्हणून प्रवचनाच्या वेळी ती सरळ बंद करायची. आणि मी तिला जवळ घेतलं की तिच्या कानाशी माझा गाल यायचा आणि यंत्र बारीक शिट्टी मारायचं. आवाज यंत्रातून बाहेर येतो, अडतो, पुन्हा यंत्रातच शिरतो, म्हणून ते वाजतं. मी तिला समजावून सांगितलं होतं. 'मला काय कळतंय त्यातलं,' ती म्हणायची, 'तू जवळ आलीस की ते ओरडतं एवढं खरं.' पुढे तर मी तिला मिठी मारली आणि ते वाजलं नाही तर आम्हा दोघींना चुकल्यासारखं व्हायचं. एका रविवारी तिला आणायला गेले होते. चर्चच्या पायऱ्यांवर ती माझा हात धरून उतरत होती, मध्येच थांबली आणि विचारलं, 'अजून काही ऐकू येत नाही तुला?' नेहमीचाच प्रश्न. मी नेहमीसारखी म्हणाले, 'नाही, आई.' ती म्हणाली, 'बरं.' आणि पुढची पायरी उतरली. येतं गं, झाकून ठेवतेस, असं काही नाही. नुसतं बरं. घरापर्यंत मी त्याचा विचार करत गाडी चालवली, आणि घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की तिने प्रवचनासाठी बंद केलेली यंत्रं अजून बंदच होती. ती पायऱ्यांकडे बघत होती, माझ्या ओठांकडे नाही. मग तिने काय ऐकलं आणि कशाला बरं म्हणाली? विचारायचं राहिलं, असं मी म्हणते. खरं तर उत्तराची भीती वाटली. थोड्याच दिवसांनी ती झोपेत गेली, आणि तिचं ते 'बरं' माझ्याकडे राहिलं, ना धड दिलेलं ना परत घेतलेलं.

काचेपलीकडे म्हातारबुवांनी डोळे उघडले होते आणि झालं का, अशा अर्थाने ते मान हलवत होते. मी स्वर पाठवला. त्यांनी दाबलं. तपासणी पूर्ण केली, बरोबर आलेल्या त्यांच्या मुलाला आलेख समजावून सांगितला. 'मधे एक फार गोड वाजलं,' म्हातारबुवा म्हणाले. मी म्हटलं, 'हो का?' दुपारी ड्रॉवर आवरताना आईची यंत्रं हाताला लागली आणि शनिवार होता, म्हणून हाताने आपोआप त्यांच्या बॅटऱ्या बदलल्या. बदलून झाल्यावर कळलं काय केलं ते. एक ड्रॉवरमध्ये ठेवलं, एक जॅकेटच्या खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी उपासना सुरू व्हायच्या आधी ऑर्गनवाल्या मावशींनी मला बाजूला घेतलं. या आईच्या मैत्रीण, त्यांचं नाव आम्ही मुलांनी कधी वापरलंच नाही. बोलणं फटकळ. 'तू बोलणार आहेस म्हणे. रडू नकोस, मग मलाही वाजवता येत नाही.' मी बरं म्हटलं. 'आणि हे बघ, दर बुधवारी आमचा प्रार्थनेचा गट बसतो, तुला माहीत आहे. तुझ्या नावाने प्रार्थना असायची. इतकी वर्षं एकच, हिचं कठीण मन मऊ कर म्हणून. मला तर झोपेतही म्हणता आली असती. आणि शेवटी शेवटी तुझ्या आईने आम्हाला कामाला लावलं. ती कानातली खेळणी आल्यावर एका बुधवारी म्हणाली, वाक्य बदला. मन मऊ कर नको. हिला ऐकू येईल असं बोल, असं म्हणा. मी म्हटलं, अगं एकच की ते. मला म्हणाली, एक नाही. माझी मुलगी बसली आहे कान देऊन.' मावशींनी चष्मा काढून पुसला. 'हट्टीच बाई. मला नवीन वाक्य पाठ होईना, अजून जुनंच तोंडात येतं.' आणि त्या ऑर्गनकडे गेल्या. मी पहिल्या बाकावर, तिच्या जागेशेजारी जाऊन बसले. दादा काहीतरी विचारत होता. मला त्याचे ओठ दिसत होते.

माझं नाव घेतल्यावर मी पुढे गेले. पाळकसाहेब उत्सुकतेने बघत होते, दादा हात जोडल्यासारखे धरून. मी म्हणाले, 'आईने मला वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला. माझं उत्तर नाही होतं, अजूनही तेच आहे. मला तिची फार आठवण येते. तिला कमी ऐकू यायचं, पण तिने माझं ऐकलं होतं. हे मला आज कळलं.' आणखी बोलायचं होतं, पण रडू आलं असतं आणि मावशींना वाजवायचं होतं, म्हणून थांबले. दादाने मान खाली घातली. मी येऊन बसले तेव्हा मात्र तो थोडा सरकला आणि त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

मग सगळे आईसाठी स्तब्ध उभे राहिले. कुणी खोकलं, एक बाक करकरला, पंखा बोलत राहिला. मी खिशात हात घातला आणि आईचं यंत्र मुठीत घेतलं. मूठ मिटली तशी ती बारीक शिट्टी निघाली. पलीकडच्या बाकावरच्या एकाने वळून बघितलं. मावशींनी ऑर्गनवरून मान वर केली. ते का वाजतं हे तिथे फक्त मलाच माहीत होतं, आवाज बाहेर येतो, अडतो, पुन्हा आत शिरतो, त्यात दुसरं काही नाही. दादा कुजबुजला, 'काय वाजतंय गं?' मूठ सैल केली असती तर थांबलं असतं. मी ती सैल केली नाही.